केसपेपरावरील 'विवाहित' आणि घरातील उपस्थाता

यकृताच्या कर्करोगावर शस्त्रकर्म झाल्यानंतर रुग्ण किती काळ जगेल, हे कशावर अवलंबून असते? अर्बुदाचा आकार, अर्बुदांची संख्या, रक्तवाहिन्यांत झालेला त्याचा प्रवेश, उरलेल्या यकृताचे बल आणि शस्त्रवैद्याचे कौशल्य, ही उत्तरे आपल्यापैकी कोणीही देईल. गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य वैद्यकाने या यादीत आणखी एका गोष्टीची भर घातली आहे. ती म्हणजे रुग्णाची वैवाहिक स्थिती. केसपेपराच्या वरच्या कोपऱ्यात वय आणि व्यवसाय यांच्या शेजारी आपण जो रकाना यांत्रिकपणे भरतो, त्याचा रुग्णाच्या आयुर्मर्यादेशी संबंध असल्याचे मोठमोठ्या नोंदवह्यांतून दिसून आले आहे. या निष्कर्षाचा अर्थ आपण कसा लावावा आणि रायगडच्या किनाऱ्यावर व्यवसाय करणाऱ्या वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी त्यातून काय घ्यावे, यासंबंधी आमचे मत वाचकांसमोर ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

आकडे काय सांगतात

विवाह आणि आयुष्य यांची सांगड घालण्याचा प्रयत्न तसा जुना आहे. इंग्लंडमधील विल्यम फार या वैद्यकीय सांख्यिकी-तज्ज्ञाने १८५८ मध्ये फ्रान्समधील मृत्यूंचे आकडे तपासून असे दाखवले की, विवाहितांमध्ये मृत्यूचे प्रमाण अविवाहितांपेक्षा आणि वैधव्य आलेल्यांपेक्षा कमी असते. फार कोवळ्या वयात विवाह झालेले मात्र त्याला अपवाद होते. कर्करोगापुरता हा विचार १९८७ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या कर्करोग नोंदवहीतून पुढे आला. तेथील २७,७७९ रुग्णांच्या अभ्यासात अविवाहितांचा रोग अधिक पुढच्या अवस्थेत सापडतो, त्यांना उपचार कमी मिळतात आणि या दोन्ही गोष्टी जमेस धरल्या तरीही ते कमी जगतात, असे आढळले. २०१३ मध्ये अमेरिकेच्याच राष्ट्रीय नोंदवहीतील ७,३४,८८९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात यकृतासह दहा प्रमुख कर्करोगांचा समावेश होता. विवाहितांमध्ये कर्करोगाने मृत्यू येण्याची शक्यता सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसली. हा लाभ स्त्रियांपेक्षा पुरुषांना अधिक मिळतो, हेही त्यात नोंदले आहे. यकृताच्या शस्त्रकर्मानंतरच्या रुग्णांचा पुढे स्वतंत्र विचार झाला, तेव्हाही हेच चित्र दिसले. विवाहित सर्वांत अधिक जगले आणि ज्यांचा जोडीदार निवर्तला होता त्यांची स्थिती सर्वांत वाईट होती.

हे आकडे वाचून दोन प्रकारचे विपरीत अर्थ काढले जातात. पहिला अर्थ श्रद्धेचा. आपल्याकडे वटपौर्णिमेला पतीच्या दीर्घायुष्यासाठी व्रत केले जाते. तेव्हा 'पाहा, अमेरिकेनेही ते सिद्ध केले' असे म्हणून टाळी घेणे सोपे आहे. दुसरा अर्थ उपेक्षेचा. 'हे त्यांच्या समाजाचे आकडे आहेत, आपले नाहीत' असे म्हणून पान उलटणे त्याहून सोपे आहे. दुसऱ्या आक्षेपात तथ्यांश आहे, हे आम्ही मान्य करतो. अमेरिकेत आरोग्यविमा पुष्कळदा जोडीदाराच्या नोकरीतून मिळतो. जात्या निरोगी व स्थिर उत्पन्नाच्या व्यक्तींचा विवाह होण्याची व टिकण्याची शक्यताही अधिक असते. शिवाय नोंदवहीत निदानाच्या दिवशीची स्थिती लिहिली जाते, त्यानंतर संसारात काय घडले ते तिला ठाऊक नसते. परंतु एवढ्या उणिवा वजा करूनही जे उरते, त्याकडे वैद्याने डोळेझाक करू नये. कारण जे उरते, त्याचे नाव आपल्या संहितांनी फार पूर्वीच सांगून ठेवले आहे.

यकृताचा रुग्ण आणि एकटेपण

कोणत्याही मोठ्या शस्त्रकर्मानंतर रुग्णाला मदत लागते. परंतु यकृताच्या रुग्णाची गोष्ट वेगळी आहे, आणि हे वेगळेपण नीट समजून घेतले पाहिजे.

यकृताचा कर्करोग बहुधा आधीच जीर्ण झालेल्या यकृतात उद्भवतो. 'ब' किंवा 'क' प्रकारच्या विषाणूचा दीर्घकाळ संसर्ग, मद्यपान, मेदोवृद्धी व मधुमेह यांमुळे यकृत कठीण झालेले असते, त्यात अर्बुद वाढते. शस्त्रवैद्य अर्बुद काढतो, यकृताचा मूळ रोग तसाच राहतो. म्हणूनच शस्त्रकर्मानंतरच्या पाच वर्षांत रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांपर्यंत सांगितले जाते. ठरावीक महिन्यांनी सोनोग्राफी वा सीटी स्कॅन आणि रक्ततपासणी करत राहणे हाच पुनरुद्भव वेळीच हाती लागण्याचा मार्ग आहे. टाके सुकले, भूक लागू लागली, माणूस हिंडू-फिरू लागला की तपासणीची तारीख विसरली जाते. ज्या घरात कोणीतरी भिंतीवरील कालनिर्णयावर ती तारीख लिहून ठेवते, त्या घरातील रुग्ण तपासणीला जातो.

'ब' विषाणूच्या रुग्णाला विषाणूरोधक गोळी रोज व दीर्घकाळ घ्यावी लागते. ती मनाने थांबवल्यास विषाणू उसळी घेतो आणि अर्ध्यावर उरलेले यकृत त्या आघातात निकामी होऊ शकते. गोळीने प्रत्यक्ष काही बरे वाटत नाही आणि न घेतल्याने लगेच काही बिघडतही नाही. अशी गोळी सातत्याने घेण्यासाठी जेवढी स्वतःची शिस्त लागते, तेवढीच 'आज गोळी घेतलीत का?' असे विचारणारे माणूसही लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. यकृत अशक्त झाले की मेंदूवर त्याचा परिणाम होतो. प्रारंभी रात्रीची झोप उडते व दिवसा सुस्ती येते, बोलणे मंदावते, सही वाकडी होते, नेहमीचा हिशेब चुकतो, स्वभाव चिडखोर होतो. मलावरोध, अतिसार, जंतुसंसर्ग किंवा झोपेची गोळी एवढे निमित्तही त्यास पुरते. या अवस्थेत वेळीच उपचार झाले तर रुग्ण सावरतो. पण ज्याची बुद्धीच झाकोळली आहे, त्याला आपली बुद्धी झाकोळली आहे हे कळावे कसे? हे लक्षण दुसऱ्यालाच दिसते, आणि तेही रोज पाहणाऱ्या दुसऱ्याला. महिन्यातून एकदा नाडी पाहणाऱ्या वैद्याच्या ते लक्षात येईलच असे नाही.

चौथी गोष्ट अन्नाची. यकृतविकारात रुग्णाचे मांस झपाट्याने क्षीण होते. आधुनिक आहारशास्त्र अशा रुग्णाला दीर्घकाळ उपाशी ठेवू नये, प्रथिने तोडू नयेत आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणे अवश्य द्यावे असे सांगते. आपला संसर्जनक्रम तरी वेगळे काय सांगतो? अग्नीचे बल पाहून पेया, विलेपी, यूष असे चढत्या क्रमाने अन्न द्यावयाचे. पण ती पेया ताजी करून, कोमट असताना रुग्णापुढे ठेवणारे कोणीतरी असावे लागते. जो एकटा राहतो, त्याच्या दृष्टीने आपण चिठ्ठीवर लिहिलेली विलेपी आणि खानावळीतील वाटी यांत काही फरक उरत नाही. कित्येकदा तो रात्री काहीच खात नाही.

रोगाचे पहिले चिन्हही अनेकदा ताटावरच दिसते. मराठी रंगभूमीचे लोकप्रिय अभिनेते अतुल परचुरे यांनी आपल्या आजाराविषयी जाहीरपणे सांगितले होते. विवाहाला २५ वर्षे पूर्ण झाल्यानंतर ते ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या प्रवासाला गेले. त्यानंतर काही दिवसांत त्यांना अन्न जाईनासे झाले, मळमळ सुरू झाली आणि तपासणीत यकृतात सुमारे ५ सेंटीमीटरचे अर्बुद आढळले. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. घरचे माणूस सोबत असणे म्हणजे अभय नव्हे, हे अशा उदाहरणातून कळते. तरीही अन्न जात नाही ही तक्रार कोणाच्या तरी समोर मांडली जाणे आणि ती ऐकून तपासणीला नेले जाणे, ही पहिली पायरी आहे. एकट्या माणसाची ती पायरी बहुधा चुकते.

संहितांचा दृष्टिकोन

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत, हे आपण पहिल्या वर्षीच शिकलो. वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण असे एकूण सोळा गुण. यांतील उपस्थात्याचे गुण पुन्हा एकदा शांतपणे आठवून पाहावेत. शुश्रूषेचे ज्ञान, कामातील दक्षता, ज्याची सेवा करावयाची त्याच्याविषयी प्रेम आणि स्वच्छता. उपस्थाता हा पती असावा, पत्नी असावी वा पुत्र असावा, असे तेथे कोठेही सांगितलेले नाही. नाते सांगितलेले नाही, गुण सांगितले आहेत. सुश्रुतांनीही सूत्रस्थानाच्या चौतिसाव्या अध्यायात परिचारकास चिकित्सेचा एक पाद मानले आहे.

त्याहून बोलके विवेचन सुश्रुतांच्या सूत्रस्थानातील एकोणिसाव्या, व्रणितोपासनीय अध्यायात आहे. शस्त्रकर्मानंतर व्रणिताची व्यवस्था कशी ठेवावी, याचे हे प्रकरण आहे. खोली स्वच्छ व निवाऱ्याची असावी, शय्या ऐसपैस असावी, आणि रुग्णाजवळ गोड बोलणारे स्नेही बसलेले असावेत. त्यांच्या गोष्टींनी वेदनेचा विसर पडतो, असे आचार्य सांगतात. त्याच अध्यायात संभोगाची इच्छा जागृत होऊ नये म्हणून स्त्रीसहवास टाळावा, असाही आदेश आहे. म्हणजे शस्त्रकर्मानंतर मित्र जवळ हवेत, आणि दांपत्यसुख काही काळ दूर हवे, असा आचार्यांचा क्रम आहे. वैवाहिक स्थितीच्या आधुनिक आकड्यांवर यापेक्षा नेमके भाष्य आम्हांस दुसरे दिसत नाही. नोंदवहीला विवाह दिसला, कारण तिच्याजवळ विवाहाचाच रकाना होता. स्नेहाचा व शुश्रूषेचा रकाना तिच्याजवळ नव्हता. उपस्थात्याची मोजणी करण्यासाठी तिने विवाहाचे माप वापरले.

हे माप ढोबळ आहे याचा पुरावा आधुनिक संशोधनातही सापडतो. २००५ मध्ये अमेरिकेत ४२ विवाहित जोडप्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांच्या हातावर लहान फोड आणून ते किती दिवसांत भरतात हे पाहिले गेले. ज्या जोडप्यांच्या बोलण्यात वैरभाव अधिक होता, त्यांचे व्रण इतरांच्या साधारण ६० टक्के वेगानेच भरले. म्हणजे विवाह आहे, पण अनुराग नाही, अशा घरात व्रणरोपणही मंदावते. चरकांनी उपस्थात्याच्या गुणांत अनुराग का घातला, याचे हे प्रयोगशाळेतील उत्तर मानण्यास हरकत नाही.

किनाऱ्यावरचे विवाहित

आता आपल्या भागाकडे वळू. उरण, अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांत आपण जे केसपेपर भरतो, त्यांत बहुसंख्य प्रौढ 'विवाहित' असतात. पण या शब्दामागचे घर कसे असते, हे आपणांस ठाऊक आहे. घरधनी मुंबईस चाकरमानी, कुटुंब गावी. किंवा पुत्र व पती आखातात, घरी वृद्ध सासू आणि सून. कोळीवाड्यातील पुरुष होडीवर, एकेका फेरीस अनेक दिवस समुद्रात. हा मुंबईतील चाकरमानी आजारी पडतो तेव्हा तो चाळीतल्या खोलीत अन्य तिघांसह राहत असतो आणि नोंदवहीत तो विवाहित असतो. गावी राहणारी त्याची पत्नी आजारी पडते तेव्हा तीही विवाहित असते. दोघांपैकी एकालाही उपस्थाता नसतो.

उलट उदाहरणेही आहेत. पतीच्या निधनानंतर भावजयीने सांभाळलेली वहिनी, अविवाहित राहिलेल्या काकांना अंथरुणावर भरवणारा पुतण्या, शेजारच्या घरातून रोज पेज आणून देणारी बाई, ही माणसे आपल्या गावांत अद्याप आहेत. अशा रुग्णाच्या केसपेपरावर 'विधवा' किंवा 'अविवाहित' असे लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात त्याची शुश्रूषा उत्तम चाललेली असते. म्हणून आमचे म्हणणे असे की, आपल्या किनाऱ्यावर हा रकाना अमेरिकेपेक्षाही अधिक फसवा आहे.

यकृताच्या मोठ्या शस्त्रकर्मासाठी आपला रुग्ण मुंबईस जातो, बहुधा परळच्या टाटा रुग्णालयात. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच्या मुळाशी एका दांपत्याची कथा आहे. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले, आणि पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभे राहिले. त्याच संस्थेचे खारघर येथील संशोधन व उपचार केंद्र तर आपल्याच जिल्ह्यात आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा अटल सेतू खुला झाल्यापासून उरणकरांना परळ जवळ आले. अलिबागकरांना मांडव्याहून रो-रो बोट आहे. रस्ता आणि बोट झाली, तरी सोबत कोण जाणार हा प्रश्न राहतोच. दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्था रुग्णासह त्याच्या माणसालाही आसरा देतात. रेल्वेच्या सवलतीत कर्करोगाच्या रुग्णाबरोबर एका सोबत्याचा विचार केलेला आहे, आणि तेथे शब्द 'सोबती' असा आहे, 'पती' वा 'पत्नी' असा नाही. खर्चाची बाजूही पूर्वीइतकी बिकट राहिलेली नाही. २०१२ मध्ये जीवनदायी योजनेचा प्रारंभ ज्या आठ जिल्ह्यांत झाला त्यांत रायगड होता, आणि आजच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रकर्माचा समावेश आहे. पैसा, वाहन व निवास यांची काहीतरी सोय होते. उपस्थात्याची सोय करणारी योजना मात्र नाही. ती करणे आपल्या आवाक्यात आहे, असे आम्हांस वाटते.

तिची शुश्रूषा कोण करणार?

विवाहाचा लाभ पुरुषांना अधिक, हे वाक्य आपण वर वाचले. त्याचा अर्थ स्पष्टपणे मांडला पाहिजे. पुरुष रुग्ण विवाहित असेल तर त्याला बहुधा उपस्थाता मिळतो. स्त्री रुग्ण विवाहित असेल तर ती स्वतःच घराची उपस्थाता असते, आणि ती आजारी पडल्यावर ती जागा रिकामी राहते. २००९ मध्ये अमेरिकेत गंभीर आजाराच्या ५१५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरुष आजारी असता विवाह तुटण्याचे प्रमाण २.९ टक्के होते, स्त्री आजारी असता ते २०.८ टक्के झाले. आपल्याकडे घटस्फोटाचा मार्ग सहसा घेतला जात नाही. आपल्याकडे तिला माहेरी पाठवले जाते. किंवा टाके काढल्यावर आठवड्याभरात ती चुलीपुढे व नळावर दिसते, आणि 'आता बरी आहे' असे घरचे सांगतात. पतीच्या आयुष्यासाठी व्रत आहे, पत्नीच्या आयुष्यासाठी नाही. हे वाक्य टीकेसाठी लिहिलेले नाही. पण चिकित्सा ठरवताना ते विसरून चालणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात विधवांची संख्या सव्वाचार कोटींहून अधिक होती, विधुरांच्या तिपटीहून जास्त. त्या सर्वांना वैवाहिक स्थितीचे आकडे एकच गोष्ट सांगतात, ती म्हणजे तुमचे भवितव्य वाईट. वैद्याने असे सांगून थांबता कामा नये.

विवाहाची दुसरी बाजूही नमूद करणे आवश्यक आहे. 'ब' विषाणू शारीरिक संबंधातूनही पसरतो.  शस्त्रकर्म झालेल्या पतीची सेवा करणाऱ्या पत्नीची तपासणी मात्र कोणी केलेली नसते. बालकांच्या लसीकरणात 'ब' ची लस देशभर २०११ पासून आली, त्यापूर्वी जन्मलेल्या प्रौढांना ती मिळालेली असेल असे गृहीत धरू नये. जोडीदाराची तपासणी, आणि संसर्ग नसल्यास शून्य, एक व सहा महिने अशा तीन मात्रा, हे काम शस्त्रकर्माची चिठ्ठी लिहितानाच व्हावयास हवे. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधांची विनामूल्य सोय आहे. ती रुग्णाला सांगणे आपले काम आहे.

वैद्य आणि औषधविक्रेते यांचे काम

आमची पहिली सूचना अगदी साधी आहे. केसपेपरावरील वैवाहिक स्थितीच्या रकान्याखाली आणखी एक ओळ छापून घ्यावी. 'उपस्थाता कोण?' त्यापुढे नाव, नाते, दूरध्वनी क्रमांक, आणि तो रात्री घरी असतो का, हा प्रश्न. ही ओळ रिकामी राहिली तर तो रुग्ण शस्त्रकर्मानंतर धोक्यात आहे असे समजून, त्याला मुंबईस पाठवण्यापूर्वीच माणूस शोधावा. बहीण, पुतण्या, शेजारी, बचतगटातील बाई, गावची आशा सेविका, कोणीही चालेल. चरकांचे चार गुण पाहावेत, नाते पाहू नये.

दुसरी सूचना. जो उपस्थाता मिळेल, त्याला रुग्णासमवेत एकदा आपल्यासमोर बसवून शिकवावे. झोपेची उलटापालट, वाकडी सही, काळा मल, पोटाचा वाढता घेर, ताप, डोळ्यांचा पिवळेपणा, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी शस्त्रवैद्याशी किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाशी संपर्क साधावा, हे मराठीत एका कागदावर लिहून द्यावे. चरकांच्या चार गुणांत शुश्रूषेचे ज्ञान पहिले आहे, आणि ते देण्याचे दायित्व वैद्याचे आहे.

तिसरी सूचना संमतीविषयी. एकट्या रुग्णास 'नातेवाईक आणा, मग पाहू' असे उत्तर काही ठिकाणी मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले आहे की, सज्ञान व शुद्धीवरील रुग्णाची स्वतःची संमती हीच खरी संमती होय. आपण संदर्भपत्र देताना रुग्ण एकटा आहे हे लिहावे, आणि त्याच्या हक्काची जाणीव त्याला करून द्यावी.

चौथी सूचना औषधविक्रेते बंधूंना. विषाणूरोधक गोळी नियमित नेणाऱ्या रुग्णाची पुढील तारीख तुमच्या वहीत असावी. ती तारीख उलटून चार दिवस गेले तर एक दूरध्वनी करावा. एकट्या रुग्णाच्या दृष्टीने त्या महिन्यात 'गोळी घेतलीस का?' असे विचारणारा कदाचित तुम्हीच एकमेव मनुष्य असाल. त्याचप्रमाणे यकृताचे शस्त्रकर्म झालेला रुग्ण एकटाच काउंटरवर येऊन 'लिव्हरसाठी काहीतरी' मागतो, तेव्हा रोहितकारिष्टाची बाटली सहज पुढे सरकवली जाते. आसव-अरिष्टांत संधानातून निर्माण झालेले मद्य साधारणतः ५ ते १२ टक्के असते. सुश्रुतांनी व्रणितोपासनीय अध्यायात वर्ज्य मद्यप्रकारांत आसव व अरिष्टांची नावे घेतलेलीच आहेत. ज्याच्या घरी 'हे कशाला आणले?' असे विचारणारे कोणी नाही, त्याला तो प्रश्न काउंटरवर विचारला गेला पाहिजे. अर्बुद विरघळवण्याची हमी देणाऱ्या चूर्णांबद्दल तर बोलावयासच नको. कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने निषिद्ध आहे, आणि अशा जाहिरातीचे सर्वांत सोपे गिऱ्हाईक एकटा रुग्ण असतो.

पाचवी सूचना आपल्या संघटनेस. प्रत्येक तालुका शाखेने अशा रुग्णांसाठी पाच-सात परिचारक स्त्री-पुरुषांची यादी करावी. त्यांना पथ्य, औषधांच्या वेळा आणि धोक्याची लक्षणे यांचे एका दिवसाचे शिक्षण द्यावे. यासाठी निधीची फारशी गरज नाही. एखाद्या रविवारी वैद्यांनी वेळ द्यावा, औषधविक्रेत्यांनी जागा व चहा द्यावा, एवढे पुरेल.

काही वैद्यमित्र म्हणतील की हे समाजकार्य आहे, चिकित्सा नव्हे. त्यांना आमचे उत्तर असे की, चार पादांपैकी एक पाद नसेल तर ती चिकित्सा चतुष्पाद राहत नाही. अर्बुद काढणे आपल्या हाती नाही, ते काम शस्त्रवैद्य उत्तम करतात. प्रत्यारोपण लागल्यास तेही महानगरातच होते. परंतु रुग्ण शस्त्रकर्मानंतर ज्या गावी परत येतो, तेथे त्याच्या दाराशी पोहोचू शकणारे वैद्य आपणच आहोत. पुढील अंकापर्यंत प्रत्येक वाचकाने आपल्याकडील यकृतविकाराच्या रुग्णांचे केसपेपर काढून पाहावेत, 'विवाहित' या शब्दापुढे प्रत्यक्ष उपस्थात्याचे नाव लिहिता येते का ते तपासावे, आणि ज्यांच्यापुढे नाव लिहिता येणार नाही त्यांची संख्या आपल्या तालुका शाखेस कळवावी. कामास तेथून आरंभ करता येईल.